पौषात फुलणारा जवस

डिसेंबर संपता संपता सकाळी नऊच्या सुमारास नागपूरहून उमरेडच्या रस्त्याला लागलं, की तूर आणि हरभऱ्याच्या मधे जवसाचा एखादा तुकडा नजरेला पडतो. हातभर उंचीची बारीक रोपं आणि त्यांच्या शेंड्यांवर पाच पाकळ्यांची निळी फुलं. दुपारी त्याच वाटेने परत या, निळा रंग गायब. वाकून पाहिलं तर पाकळ्या काळ्या मातीवर पडलेल्या असतात. जवसाचं एक फूल जेमतेम अर्धा दिवस टिकतं. दुसऱ्या सकाळी दुसऱ्या कळ्या उमलतात आणि हा क्रम दोन-तीन आठवडे चालतो.

यात एक कोडं आहे. वनस्पतिशास्त्राचं कुठलंही पुस्तक उघडा, जवस 'दीर्घदिनी' वनस्पतींच्या यादीत सापडतो. दीर्घदिनी म्हणजे दिवस मोठा झाला की फुलणारी. आणि आपल्याकडे तो फुलतो कधी? वर्षातला सगळ्यात आखूड दिवस असतो तेव्हा. २२ डिसेंबरच्या आसपास नागपूरचा दिवस सुमारे १० तास ५० मिनिटांचा असतो. मग पुस्तक खोटं की शेत?

दोन्ही खरी आहेत. ती कशी, हे कळलं की एकाच झाडाचं फ्रान्समध्ये कापड आणि विदर्भात चटणी का होते, याचाही बराचसा उलगडा होतो.

### तंबाखूपासून सुरुवात

झाडं दिवसाची लांबी ओळखतात, हे शंभर वर्षांपूर्वी कुणाला खरं वाटलं नसतं. अमेरिकेच्या कृषी खात्यातले गार्नर आणि अॅलार्ड हे दोन शास्त्रज्ञ 'मेरीलँड मॅमथ' नावाच्या तंबाखूने हैराण झाले होते. उन्हाळ्यात हा तंबाखू माणसाच्या डोक्यावर जायचा, पण फुलायचा नाही. हिवाळ्यात काचगृहात ठेवला की लगेच फुलायचा. खत, पाणी, ऊब, सगळं तपासून झालं. शेवटी १९१८ च्या उन्हाळ्यात त्यांनी कुंड्या रोज दुपारी एका अंधाऱ्या खोपटात ठेवायला आणि सकाळी बाहेर काढायला सुरुवात केली. भर उन्हाळ्यात तंबाखू फुलला. १९२० मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. या गुणधर्माला मराठीत दीप्तिकालिता असा भारदस्त शब्द आहे. या लेखापुरतं आपण 'दिवसाचं माप' म्हणू.

तंबाखूचा तो वाण अल्पदिनी होता. आखूड दिवस मिळाल्याशिवाय तो फुलत नसे. गहू, हरभरा, पालक आणि जवस ही मंडळी उलट्या पंगतीतली.

पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी आणखी एक गंमत दाखवली. कपड्यांना चिकटणाऱ्या काटेरी फळांच्या एका अल्पदिनी तणावर त्यांनी प्रयोग केले. दिवसा मधेच थोडा वेळ अंधार केला, तर झाडाला काही फरक पडला नाही. लांब रात्रीच्या मधे मात्र काही मिनिटं दिवा लावला, तर फुलणं थांबलं. म्हणजे झाड मापतं ती रात्र. 'दीर्घदिनी' हे नाव तोवर रुळलेलं होतं म्हणून राहिलं, एवढंच.

### निरोप पानातून शेंड्याकडे

हे मापन पानात होतं. पानात फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं. ते लाल आणि अतिलाल प्रकाशानुसार आपलं रूप बदलतं, म्हणजे उजेड आहे की अंधार याची खबर ते ठेवतं. पण खबर मिळून भागत नाही, 'आत्ता किती वाजले' हेही कळावं लागतं. त्यासाठी पेशींचं स्वतःचं चोवीस तासांचं घड्याळ असतं.

मोहरीच्या कुळातल्या अॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपावर ही यंत्रणा सगळ्यात नीट उलगडली. त्याच्या पानात एक विशिष्ट प्रथिन संध्याकाळच्या सुमारास तयार होतं. तेव्हा अजून उजेड असेल तर ते टिकतं, अंधार पडलेला असेल तर मोडून टाकलं जातं. मोठ्या दिवसांत ते टिकतं आणि 'एफटी' हे दुसरं प्रथिन बनवून घेतं. एफटी पानातून निघतं, रसवाहिन्यांतून शेंड्यापर्यंत पोचतं आणि तिथे पानांऐवजी कळ्या घडू लागतात. असा कुठला तरी निरोप्या असला पाहिजे, हे रशियात चैलाख्यान यांनी १९३० च्या दशकातच सांगितलं होतं. त्याला त्यांनी फ्लोरिजेन असं नावही देऊन टाकलं. तो निरोप्या हाती लागायला मात्र सत्तर वर्षं गेली.

याच घराण्यातली जनुकं जवसातही आहेत. त्यातलं एक पुढे पुन्हा भेटणार आहे.

### अट नव्हे, घाई

आता कोड्याकडे. दीर्घदिनी वनस्पतींत दोन तऱ्हा असतात. काही अगदी हट्टी. ठरलेल्या तासांपेक्षा दिवस लहान असेल, तर कितीही महिने गेले तरी त्या फुलत नाहीत. दुसऱ्या तऱ्हेच्या वनस्पती आखूड दिवसातही फुलतात, फक्त उशिरा. दिवस जसा मोठा होईल तशी त्यांची घाई वाढते. जवस या दुसऱ्या तऱ्हेचा आहे. मोठा दिवस ही त्याच्या फुलण्याची अट नाही, त्याला मिळालेला धक्का आहे. तो मिळाला तर जवस धावतो, नाही मिळाला तर चालत येतो.

त्यातही वाणावाणांत फरक आहे. काही वाणांना दिवसाच्या लांबीचं फार कौतुक असतं, काहींना फारसं नसतं. उष्ण प्रदेशात पिढ्यान् पिढ्या हिवाळ्यात पेरले गेलेले आपले देशी जवस या दुसऱ्या गटाकडे झुकलेले आहेत, आणि ते साहजिक आहे. दिवस मोठा होण्याची वाट पाहत बसलेलं रोप मार्चच्या उन्हात सापडलं असतं, त्याची बोंडं भरली नसती, आणि बियाण्याच्या मडक्यात त्याचे दाणे कुणी ठेवले नसते. निवड शेतकऱ्याने केली आणि उन्हाने केली. दोघांची मिळून.

### नॉर्मंडीचा जून, नागपूरचा डिसेंबर

पण वाण हे अर्धंच उत्तर झालं. उरलेलं अर्धं उबेत आहे, आणि त्याचा हिशेब मांडून बघण्यासारखा आहे.

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरच्या नॉर्मंडीत तागेच्या तागे लिननचं कापड होईल असा जवस पिकतो. तंतूसाठीच्या जवसाच्या उत्पादनात फ्रान्स जगात पहिला, आणि त्याचा मोठा वाटा याच पट्ट्यात. तिथे पेरणी मार्चच्या अखेरीस ते एप्रिलमध्ये होते, आणि पीक जूनच्या मध्याला फुलतं. त्या वेळी तिथला दिवस सोळा तासांच्या वर गेलेला असतो.

तिथले शेतकरी पिकाचं वय दिवसांत मोजत नाहीत, उबेच्या एककांत मोजतात. रोजच्या सरासरी तापमानातून ५ अंश वजा करायचे आणि उरलेल्या आकड्यांची बेरीज करत जायचं. ५ अंशांखाली जवसाची वाढ जवळजवळ थांबते असं धरलेलं आहे. ही बेरीज साधारण ५५० झाली की पीक फुलावर येतं. तिथल्या वसंतातलं सरासरी तापमान १२ अंश धरलं तर रोजचे ७, म्हणजे ५५० व्हायला अंदाजे ७८ दिवस. मार्चअखेर पेरलेलं जूनच्या मध्याला फुललं, हिशेब जुळला.

आता हाच हिशेब नागपूरला लावू. ऑक्टोबरअखेर पेरणी, पुढच्या महिन्या-सव्वा महिन्यात सरासरी तापमान २२ अंशांच्या आसपास. त्यातून ५ गेले, रोजचे १७. भागाकार केला तर जवस बत्तीस-तेहतीस दिवसांत फुलायला हवा. प्रत्यक्षात त्याला पन्नास ते साठ दिवस लागतात, काही वाणांना त्याहून थोडे जास्त.

मधले तीन-चार आठवडे गेले कुठे? त्यांचा मोठा भाग आखूड दिवसाने खाल्ला. ऊब रोपाला ढकलत होती आणि अकरा तासांचा दिवस मागे ओढत होता. पीक पेरल्यापासून फुलेपर्यंत नागपूरचा दिवस ११ तास २० मिनिटांवरून १० तास ५० मिनिटांवर उतरत जातो. १ मार्चला पीक काढणीला येतं तेव्हाही तो पावणेबाराच्या आत असतो.

हा हिशेब अर्थातच ढोबळ आहे. दोन ठिकाणचे वाण वेगळे, आणि तापमान फार चढलं की वाढ त्याच प्रमाणात चढत नाही. काटेकोर माणसाने त्यावर पैज लावू नये. पण पुस्तक आणि शेत दोन्ही खरी कशी, हे त्यातून दिसतं. विदर्भातला जवस आखूड दिवसामुळे फुलत नाही, आखूड दिवस असूनही फुलतो, आणि ऊब नसती तर याहून कितीतरी उशिरा फुलला असता.

### शेंड्याला फूल, उंचीला थांबा

फूल दहा दिवस आधी आलं काय नि नंतर आलं काय, असं भेंडीच्या बाबतीत म्हणता येईल. भेंडी खाली फुलत जाते आणि वर वाढत राहते. जवसाचं तसं नाही. त्याच्या मुख्य खोडाचा शेंडाच फुलोऱ्यात बदलतो. शेंडा कळ्यांच्या कामाला लागला की नवी पानं, नवी पेरं बनणं संपलं. आधीच बनलेली पेरं थोडी ताणली जातात, तेवढीच काय ती वाढ. म्हणून जवस कधी फुलणार, या प्रश्नातच तो किती उंच होणार याचं उत्तर असतं.

आणि उंचीतच धागा असतो. लिननचा तंतू म्हणजे खोडाच्या सालीतल्या लांबच लांब पेशींच्या जुड्या. एकेक पेशी कित्येक सेंटीमीटर लांब असते. शेंड्याजवळ जन्मलेली ही पेशी आधी नुसती लांबत जाते, शेजारच्या पेशींच्या मधून वाट काढत. मग लांबणं थांबतं आणि तिची भिंत आतून जाड होऊ लागते. वाढत्या खोडावर या दोन टप्प्यांची सीमा हाताला लागते. शेंड्यापासून काही सेंटीमीटर खाली एक जागा अशी असते की तिच्या वर खोड मऊ तुटतं आणि खाली चिवट होतं. जाणकार माणूस रोप दोन्ही हातांनी ताणून ती जागा दाखवू शकतो.

खोड लांब तर तंतू लांब. म्हणून तंतूसाठी पेरणाऱ्याला झाड शक्य तितका वेळ न फुलता वाढायला हवं असतं. फुलण्याच्या आधी थंड, ओलसर हवेत खोड झपाट्याने उंचावतं, काही दिवस तर दिवसाला तीन-चार सेंटीमीटर. रोपांना फांद्या फोडायला जागाच मिळू नये म्हणून चौरस मीटरला दीड हजारांहून जास्त रोपं दाटीने उभी करतात. पीक कमरेच्या वर जातं. काढणीला ते कापत नाहीत, मुळासकट उपटतात, बुडाचा तंतू वाया जायला नको म्हणून.

तेलासाठी पेरणाऱ्याला नेमकं उलटं हवं असतं. बुटकं खोड, भरपूर फांद्या आणि प्रत्येक फांदीला बोंडं. बोंडात पाच कप्पे आणि कप्प्यात दोन दाणे, म्हणजे एका बोंडात फार तर दहा. आपल्याकडे दोन ओळींत ३० सेंटीमीटर जागा सोडतात ती यासाठीच.

इथे चाणाक्ष वाचक अडवेल. आखूड दिवसाने फुलणं लांबतं, फुलणं लांबलं की उंची वाढते, मग आपला जवस गुडघ्याच्या जरासा वर जाऊन का थांबतो? शंका बरोबर आहे. एकच वाण प्रयोगशाळेत लहान आणि मोठ्या दिवसांत वाढवला, तर लहान दिवसातला उंच आणि जास्त पानांचा निघतो. पण शेतात दिवसाची लांबी एकटी नसते. आपलं पीक बहुधा पावसानंतर उरलेल्या ओलीवर येतं. ऊब जास्त असल्याने प्रत्येक टप्पा लवकर उरकतो, आणि वाण मुळातच फांद्या फुटणारे. गॅब्रिएल हॉवर्ड आणि अब्दुर रहमान खान यांनी १९२४ मध्ये भारतभरच्या जवसाच्या प्रकारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गंगेच्या गाळातला जवस उथळ मुळांचा आणि बारीक दाण्याचा, दख्खनच्या काळ्या जमिनीतला खोल मुळांचा, ठसठशीत दाण्याचा आणि लवकर येणारा, असा फरक त्यात नोंदलेला आहे. आपल्या जवसाने वरची उंची सोडून खालची खोली पत्करली.

### 'उशिरा पेरणी'चे दोन अर्थ

उशिरा पेरलं की पीक बिघडतं, हे नॉर्मंडीतला शेतकरीही म्हणेल आणि भंडाऱ्यातलाही. कारणं मात्र वेगळी.

तिथे पेरणी मेपर्यंत रेंगाळली, तर रोप उगवतं तेच पंधरा-सोळा तासांच्या दिवसात. मोठ्या दिवसाचा धक्का त्याला बालवयातच बसतो, शेंडा घाईने कळ्या धरतो आणि खोड आखूड राहतं. धागा गेला.

इथे धानकापणी लांबली, पेरणी डिसेंबरात गेली, तर रोप थंडीत आणि आखूड दिवसात सावकाश वाढतं. फुलून बोंडं धरेपर्यंत फेब्रुवारी संपतो. मग ऊन चढतं, जमिनीतली ओल संपते आणि दाणा चिमतो. त्यातच कळ्यांत अंडी घालणाऱ्या बारीक माशीचा जोर उशिरा फुललेल्या पिकावर जास्त. दाणा गेला.

पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याने यावर स्वतःचा तोडगा काढलेला आहे, तो म्हणजे उतेरा. धान अजून उभंच असतं, बांधीत ओल असते, आणि कापणीच्या काही दिवस आधी त्यातच जवस किंवा लाखोळी फेकतात. नांगरट नाही, पाणी नाही. विळा धानावर चालतो तेव्हा बुडाशी जवस उगवलेला असतो. उत्पन्न बेताचंच येतं, पण आठ-पंधरा दिवस पदरात पडतात, आणि जवसाच्या हिशेबात ते फार मोलाचे.

नॉर्मंडीचं बियाणं इथे ऑक्टोबरात पेरलं तर काय होईल, हेही आता सांगता येईल. मोठ्या दिवसाला चटावलेलं ते रोप आखूड दिवसांत नुसतं हिरवं वाढत बसेल आणि फुलायला जाईल तेव्हा उन्हाळा दारात असेल. आपल्या गिरण्या लिननसाठी लागणारा तंतू बव्हंशी युरोपातून आणतात, त्यामागे बाजाराइतकाच हा अक्षांशाचाही भाग आहे.

### उत्तरेकडे गेलेली शाखा

जवसाची शेती पश्चिम आशियात सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी सुरू झाली. तिथून एक वाट पूर्वेला आपल्याकडे आली. नर्मदाकाठच्या नवदाटोलीच्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन धान्यांबरोबर जवस निघाला. संस्कृतातली 'अतसी' घासली जाऊन मराठीत अळशी झाली. कोकण-घाटावर आजही हाच शब्द चालतो, आणि जवस म्हटलं की तिकडचा माणूस 'म्हणजे अळशीच ना?' असं विचारून खात्री करून घेतो.

दुसरी वाट युरोपात उत्तरेकडे गेली. तिथला पेच आपल्या उलट होता. उन्हाळ्याचे दिवस प्रचंड मोठे, आणि दक्षिणेकडून आलेला जवस त्या दिवसांत भलताच लवकर फुलणार. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने त्याचं उत्तर जनुकात शोधलं. एफटीच्याच घराण्यातलं, पण एफटीच्या विरुद्ध काम करणारं टीएफएल-१ हे जनुक फुलणं रोखून धरतं. उत्तरेकडे जावं तसं जवसात या जनुकाचं एक खास रूप वाढत गेलेलं दिसतं. ते रूप आलं उत्तरेतल्या रानजवसाकडून, म्हणजे शेताच्या बांधावरच्या जंगली भाऊबंदांशी संकर होऊन. जवसाचं हे जनुक अॅराबिडॉप्सिसमध्ये घालून पाहिलं, तेव्हा फुलण्याची वेळही बदलली आणि झाडाची ठेवणही.

मला यातला मोठा भाग हा वाटतो, की युरोपातल्या शेतकऱ्याने लांब धाग्याचा जवस मुद्दाम घडवला असं मानण्याची गरज उरत नाही. झाड उत्तरेच्या दिवसांशी जुळवून घेत होतं. फुलणं लांबलं, खोड वाढलं, फांद्या कमी झाल्या, दाणा बारीक झाला. उंच खोड आयतं समोर उभं राहिलं, मग त्याचा धागा काढणारे हात पुढे आले. संशोधकांनीही हा क्रम 'असा असू शकेल' इतक्याच बेताने मांडला आहे, हेही सांगायला हवं.

### कुंडीत करून पाहायचं असेल तर

यासाठी शेत लागत नाही. किराणा दुकानातला चटणीचा जवस चालतो, फक्त भाजलेला नको. बी भिजवू नका. पाणी लागलं की जवसावर बुळबुळीत थर येतो आणि दाणे एकमेकांना चिकटून बसतात. कोरडंच, बोटाच्या एका पेराहून कमी खोल पेरा. ऑक्टोबरच्या अखेरीस एकाच गॅलरीत दोन कुंड्या ठेवा. एकीला रोज संध्याकाळी दिवेलागणीपासून रात्री दहा-अकरापर्यंत दिवा, दुसरीवर अंधार पडताच खोका पालथा. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेडही तिला मिळता कामा नये.

दिवा कुठला, याला महत्त्व आहे. प्रखर उजेड नको, कारण हा अन्नासाठीचा प्रकाश नाही, नुसता 'अजून दिवस आहे' हा निरोप आहे. पण घरातल्या पांढऱ्या एलईडीत अतिलाल प्रकाश जवळपास नसतो, आणि दीर्घदिनी झाडांना संध्याकाळच्या निरोपात तोही असला तर तो जास्त पटतो. म्हणून जुना, तापणारा, तारेचा पिवळा बल्ब मिळाला तर तोच घ्या, आणि उष्णतेचा घोळ होऊ नये म्हणून हात-दीड हात उंच टांगा.

रोज एकच गोष्ट लिहायची, मुख्य खोडावर किती पानं झाली ती. शेंड्याला पहिली कळी दिसली की मोजणी बंद. दिव्याखालच्या रोपाची मोजणी आधी बंद होईल, कमी पानांवर. देशी जवसात फरक फार मोठा नसेल, काही दिवसांचा असेल. म्हणूनच एकदा अंदाजाने बघून चालणार नाही, वहीच ठेवावी लागेल. आणि पहिलं फूल पाहायचं असेल तर सकाळीच गॅलरीत जा. रविवार म्हणून बाराला उठलात, तर कुंडीत फक्त पाकळ्या पडलेल्या असतील.